अंगणातला चौकोन

चांदपाशांचं फोटो मढवायचं दुकान दर शुक्रवारी दुपारी दीड तास बंद असायचं. त्या दीड तासात त्यांच्या मुलानं, मुज्तबानं, दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःसकट एकोणीस जणांची सबमिशनं उरकली. सबमिशन आहे म्हटल्यावर अब्बांनी त्याला त्या दिवशी नमाजाची सूट दिली होती, आणि दिलेल्या सुटीचं त्यानं चीज केलं असंच म्हणायला हवं.

मांडणी साधी होती. दोन स्टुलं, त्यांवर दुकानातली सगळ्यात मोठी काच, काचेखाली शंभरचा बल्ब. काचेवर मूळ शीट ठेवायची, तिच्यावर कोरी शीट चिकटवायची आणि बल्ब लावायचा. खालच्या रेघा वर लख्ख दिसत, त्या फक्त गिरवायच्या. या विद्येला ‘जीटी’ म्हणत, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. नांदेडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुज्तबाला जो मान होता तो काही मार्कांचा नव्हता. सिव्हिलच्या वर्गात घरची काच असलेला तो एकटाच होता.

साल शहाण्णव. भूकंपाला अडीच वर्षं झाली होती आणि भूकंप आता अभ्यासक्रमात आला होता. वीरण्णा सर ‘व्यावसायिक आचारनीती’ नावाचा विषय शिकवत. उदगीरकडचे, अंगानं काटकुळे, बोलायला हळू. त्यांनी बी बॅचच्या वीस जणांना काम नेमून दिलं होतं. किल्लारीच्या अलीकडं एका संस्थेनं वसवलेलं नवं गाव होतं, तिथं जायचं, एक घर निवडायचं, टेपनं मोजायचं आणि त्याचा नकाशा काढायचा.

"ज्याचं त्यानं मोजायचं," सर म्हणाले होते. "हाच तुमचा आचारनीतीचा पेपर. वेगळा पेपर नाही."

वेगळा पेपर नाही एवढंच वर्गाला ऐकू आलं. बाकं वाजली आणि विषय तिथंच संपला. नांदेडहून लातूर, लातूरहून जीप, वर दोन मैल पायपीट, अशा ठिकाणी घर मोजायला कोण जातंय? एकटा धम्मानंद गेला, कारण त्याची आत्या त्याच गावात राहत होती. परत आला, शीट होस्टेलच्या गादीखाली सरळ करायला ठेवली आणि दोन दिवसांसाठी अर्धापूरला घरी गेला. तेवढ्यात त्याचा जिवलग दोस्त मुज्तबा ती उचलून दुकानात घेऊन आला.

चोरी हा शब्द मुज्तबाच्या मनाला शिवलासुद्धा नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. बारावीला तो लातुरात होता. क्लासचं पेव फुटलं होतं तेव्हा. एका पत्र्याच्या शेडमध्ये तीनशे पोरं मांडीला मांडी लावून बसत, सर माइकवरून उत्तरं सांगत आणि बजावत, "माझ्या वहीशी स्वल्पविरामासकट जुळलं पाहिजे." मुज्तबाचं जुळायचं. त्या जुळण्यावरच तर तो इंजिनिअरिंगला लागला होता. ज्या गुणासाठी लातुरात पाठीवर थाप पडली, त्याच गुणासाठी नांदेडात कान धरतील, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं.

"अबे, समद्यांचं एकच घर होऊन राहिलं," अजहर काचेवर वाकून म्हणाला.

"एकाच साच्यातली घरं हायत ती. एकासारखं एक," मुज्तबा म्हणाला. "तरी बी दहा जण शीट उलटी घाला."

"उलटी घातली तर काय हुईल?"

"घर डावखुरं हुईल. डाव्या हाताची न्हाणी उजव्या हाताला जाईल. सरांना वाटंल, दुसऱ्या ओळीतलं घर हाय."

ही युक्ती सगळ्यांना इतकी आवडली की डावखुऱ्या घरासाठी भांडणं लागली. मग घरमालकांची नावं वाटून झाली. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "अंगणात ह्यो चौकोन कशाचा रे? नाव न्हाई, काही न्हाई."

"आसंल काहीतरी. काढ गप."

नमाज आटोपून चांदपाशा परत आले तर मागच्या खोलीत एकोणीस पोरं घामानं निथळत काचेवर वाकलेली. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी पोरांसाठी चहा मागवला आणि शेजारच्या घड्याळवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. "आजतक इथं फोटो मढवले, आज इंजिनिअर मढवून राहिले," ते म्हणाले. ते किती खरं बोलले होते, हे त्यांना कधीच कळलं नाही.

सोमवारी तोंडी परीक्षा होती. सर शीट टेबलावर पसरत, क्षणभर बघत आणि बाकी काही न विचारता अंगणातल्या त्या चौकोनावर बोट ठेवत.

"हे काय आहे?"

"पाण्याची टाकी, सर," अजहर म्हणाला.

सरांनी डायरीत लिहून घेतलं. दुसऱ्यानं शोषखड्डा सांगितला. तिसऱ्यानं कोंबड्यांचं खुराडं. चौथा म्हणाला, "प्रस्तावित आहे, सर."

"काय प्रस्तावित आहे?"

"ते अजून ठरलं न्हाई, सर."

पाचव्यानं तुळशीवृंदावन सांगितलं. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वृंदावन कशाला, असं सरांनी विचारल्यावर तो म्हणाला, "कुटुंब मोठं आहे, सर." मुज्तबाचा नंबर आठवा. त्याला वाटलं आपण काहीतरी भारदस्त बोलावं. "जुन्या घराचं जोतं आहे, सर," तो म्हणाला.

"नव्या गावात जुनं घर होय अप्पा?"

मुज्तबा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला. शाई सांडली, असं नवव्यानं सांगितलं. "चारी कोपरे काटकोनात सांडली?" सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फाइल मिटली. धम्मानंदचा नंबर सतरावा होता, तिथवर गाडी गेलीच नाही.

सर वर्गात आले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच सगळ्यांची पाचावर धारण बसली. "वीस शीट आणि एकच घर. यातलं मूळ कोणाचं?"

मुज्तबानं मान खाली घातली. पलीकडच्या बाकावर धम्मानंदनंही घातली.

"रविवारी कॉलेजची बस काढू. गावात जाऊन ज्यानं त्यानं आपापल्या घरापुढं उभं राहायचं. जुळलं नाही तर टर्म गेली. वीसच्या वीस जणांची."

बाकी एकोणीस जणांना टर्म जाणं म्हणजे घरच्या शिव्या. धम्मानंदचं तसं नव्हतं. त्याला फीमाफी होती, टर्म गेली की ती जाणार आणि ती गेली की तो अर्धापूरला केळीच्या बागेत बापाच्या, रामकिशनच्या, बरोबरीनं घड उचलणार. हे मुज्तबाला तोंडपाठ होतं. व्हरांड्यात त्यानं धम्मानंदला गाठलं.

"धम्मा, सरांना सांग ना. मूळ शीट तुझी हाय."

"तू सांग की."

"म्या कसं सांगू? म्याच तर उचलली."

धम्मानंद काहीतरी बोलणार होता, ते गिळून निघून गेला. त्यानंतर चार दिवस त्यानं मेसमध्ये ताटसुद्धा वेगळ्या टेबलावर नेलं. तीन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. मुज्तबाला वाटलं, हा आता जन्मभर बोलणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला टर्मपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

शेवटी पोरांनी ठरवलं की मुज्तबानं एक दिवस आधी पुढं जायचं आणि "हा पोरगा आमच्याकडं येऊन गेला" असं म्हणायला वीस घरं राजी करायची. शनिवारी दुपारी अब्बांचा टेप खिशात टाकून तो त्या गावात उतरला. पारावर गुरुबसप्पा नावाचे एक म्हातारे बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "सर्वे का?"

"हाव," मुज्तबाच्या तोंडून निघून गेलं.

"लिव्ह मग. घर मजबूत हाय. पानी कमी हाय. चूल ठेवाया जागा न्हाई. उपकार लई झाले." म्हाताऱ्यांनी एका दमात म्हणून टाकलं. "म्होरल्या घरात इचारू नको, त्ये बी हेच सांगत्यात. पयल्या साली म्या सांगितलं, त्ये सायबानं लिहून घेतलं. मंग समद्या गावानं तेच पाठ केलं. तुमचा बी येळ वाचतो, आमचा बी."

लातूरच्या त्या शेडची मुज्तबाला एकदम आठवण झाली. त्यानं भीत भीत वीस घरांचं काढलं. गुरुबसप्पांना त्यात काही अवघड वाटलं नाही. "वीस कशाला, चाळीस म्हनतील. या गावानं कुनाला न्हाई म्हनलं?"

काम फत्ते झालं म्हणून मुज्तबा गावातून हिंडायला निघाला आणि दहा पावलांत काही फत्ते झालं नसल्याचं त्याच्या लक्षात आलं. घरं एका साच्यातली होती, पण वर्षभर त्यांत माणसं राहिली होती. एकानं खिडकी फोडून दार केलं होतं. एकानं न्हाणीत शेळ्या बांधल्या होत्या. एकाच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी धडधडत होती. शीटशी जुळणारं घर अख्ख्या गावात एकही नव्हतं. सरळ नव्हतं आणि डावखुरंही नव्हतं.

शेवटच्या ओळीतल्या एका घरापुढं मात्र तो थांबला. अंगणात, शीटवर होता नेमक्या त्याच जागी, तो चौकोन होता. सुंभाची बाज. वर चार काठ्यांवर ताडपत्री. बाजेवर एक बाई शेंगा फोडत बसली होती. हीच सरजाबाई, धम्मानंदची आत्या.

"मुज्तबा का रं तू?" ती म्हणाली. "वळखलं म्या. धम्मा लई सांगतो तुझं. त्येचा बाप दवाखान्यात हुता तवा तूच डबा न्ह्यायचा म्हनं. बस."

मुज्तबाला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग या गावात असली इच्छा धरू नये, हे त्याचं त्यालाच कळलं. तो बाजेच्या कडेवर टेकला.

"आत्या, बाज बाहीर का?"

"झोपते मी हितं."

"पावसात बी?"

"पावसात बी. घर चांगलं हाय, लेकरा. पर वरी बघितलं की डोळा लागत न्हाई." तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "धन्याला अन् धाकलीला दगडाखालून काढलं आमी. तवापासून डोक्यावर आभाळच बरं वाटतं."

पाण्याची टाकी, शोषखड्डा, खुराडं, वृंदावन. त्यानं स्वतः काय सांगितलं होतं? जोतं. मुज्तबाला रडू आलं नाही, पण त्यानं एक शेंग उगाच बराच वेळ फोडली.

"धम्मानं मोजलं तेव्हा तुम्ही घरीच हुता का?" त्यानं विषय बदलायला विचारलं.

"मोजलं?" सरजाबाई हसली. "त्येनं काय मोजलं? जेवला अन् झोपला. पेटीत घराचा निळा नकाशा हाय, संस्थेनं दिलेला, त्यो काढला अन् दारात बसून उतरवून घेतला. बाज तेवढी मोजली. म्हनला, आत्या, ही कागदावर न्हाई, ही मला घालाया पायजे."

म्हणजे चार दिवस मुज्तबा ज्या मुलापुढं मान वर करत नव्हता, तो मुलगाही मान खालीच घालून फिरत होता. मग त्याला हसू आलं. एकट्यानं हसायची लाज वाटली म्हणून त्यानं सरजाबाईला सगळं सांगून टाकलं, काचेपासून वृंदावनापर्यंत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येवढी पोरं, अन् मोजलं कुनीच न्हाई?"

"न्हाई."

"टेप आनलाय?"

"हाय."

"मंग ऊठ की."

आयुष्यातलं पहिलं घर मुज्तबानं त्या दुपारी मोजलं. टेपचं दुसरं टोक सरजाबाईनं धरलं होतं. न्हाणीचं दार तिनं उलटं बसवून घेतलं होतं, कारण आधीचं आत उघडायचं आणि भिंतीला अडायचं. चूल बाहेर आली होती. मागच्या भिंतीत तिनं एक कोनाडा कोरला होता. मुज्तबानं पेन्सिलीनं सगळं जसं होतं तसं काढलं. रेघा वाकड्या आल्या, खाडाखोड झाली, पण कागदावरून नजर हलवावीशी वाटेना. त्या रात्री सरजाबाईनं सबंध घर त्याला झोपायला दिलं.

रविवारी दुपारी बस आली. पोरं उतरली आणि गुरुबसप्पांनी वाटून दिलेल्या दारांपुढं छाती काढून उभी राहिली. त्यांनी गाव चोख पढवलं होतं. जरा जास्तच चोख. अजहर गिरणीपुढं उभा होता, तर त्याच्याकडं बोट दाखवून तीन घरांतल्या बायका एकदम म्हणाल्या, "हाव, ह्यो पोरगा आमच्याच घरी आला हुता." सरांनी अजहरची शीट उघडली.

"ही तुझी झोपायची खोली. इथं गिरणी आहे."

"पीठ पडायच्या आधी मोजली हुती, सर," अजहर म्हणाला. त्याच्या केसांवर पीठ बसत होतं.

सर पुढच्या घराकडं वळले. मुज्तबा मधे आला. "सर, राहू द्या. आम्ही कुणीच आलो नव्हतो. समद्यांनी धम्मानंदची शीट काचेवर उतरवली. त्याला न विचारता मी उचलली होती. काच बी माझीच हाय. माझी टर्म घालवा, त्याची नका घालवू." निळ्या नकाशाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

बोलला तो धम्मानंद. "सर, मी बी मोजलं न्हाई. आत्याच्या पेटीतला नकाशा हुता, त्यावरून काढलं." मग मुज्तबाकडं वळून हळूच म्हणाला, "व्हरांड्यात तुला सांगणार हुतो. जीभच रेटली न्हाई."

"आणि तो नकाशा कुणाचा?" सरांनी विचारलं.

"संस्थेचा, सर," धम्मानंद म्हणाला.

"माझा," सर म्हणाले. "चौऱ्याण्णव साली मी त्या संस्थेत ड्रॉइंगला होतो. न्हाणीचं दार आत उघडतं आणि भिंतीला अडतं, ती चूक माझी आहे. वीस जणांच्या शीटवर तीच चूक बघितली तेव्हाच ओळखलं. दहा जणांनी ती उलटीसुद्धा करून आणली." पोरांत कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच विझलं. "घर माझं होतं. तो चौकोन माझा नव्हता. माझ्या घरात कुणी काय वाढवलं, ते मला खरंच कळत नव्हतं. म्हणून एकेकाला विचारत होतो."

धम्मानंदनं शेवटच्या ओळीकडं हात केला. सर गेले आणि बाजेपुढं उभे राहिले. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. वरची ताडपत्री आणि शेजारचं पक्कं, कोरडं घर ते आळीपाळीनं बघत राहिले.

"घर मजबूत हाय," सरजाबाईनं सुरू केलं. "पानी कमी हाय..."

"ते नको, माय. खरं सांगा."

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खरं सांगू? ज्यानं घर काढलं त्यानं कधी भाकरी भाजली न्हाई. अन् त्येचं कुनी दगडाखाली गेलं न्हाई."

"नाही गेलं," सर म्हणाले. "मीच काढलं, माय."

"मंग बस," सरजाबाई म्हणाली. "जेवून जा." आणि चुलीपुढं जाऊन पीठ मळायला लागली.

टर्म कुणाची गेली नाही. धम्मानंदला सर म्हणाले, "घर माझं, बाज तुझी. बाजेवर पास करतो तुला." बाकीच्यांना दोन दिवस गावातच ठेवून घेतलं आणि घरं आहेत तशी मोजायला लावली. अजहरनं गिरणी मोजली, तिच्या पट्ट्यासकट. संध्याकाळी मुज्तबा आणि धम्मानंद एका ताटात जेवले. आज ती पोरं पन्नाशीकडं झुकलीत, कुणी पुण्याला, कुणी जेद्दाला, पण त्या दोन दिवसांचा विषय निघाला की बाकीच्या गप्पा मागं पडतात.

निघायच्या आधी सरांनी मुज्तबाचा तो पेन्सिलीचा कागद मागितला. खाडाखोडीचा, तेलाचा डाग पडलेला. उलटं बसवलेलं दार, बाहेर आलेली चूल, कोनाडा, बाज, असं एकेक बघत त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"मुज्तबा," ते म्हणाले, "संस्था शेजारी आणखी घरं बांधणार आहे. हा कागद मला उतरवून घ्यायचा आहे. घेऊ का?"

मुज्तबाला आधी कळलंच नाही. उतरवून घेण्याआधी कुणी विचारतं, हे तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

"मला काय विचारता, सर? घर आत्याचं हाय. टेप बी तिनंच धरला हुता."

सरांनी मान हलवली. कागद दोन्ही हातांत धरून ते चुलीपाशी गेले आणि सरजाबाईची तव्यावरची भाकरी उतरेपर्यंत तिथंच उभे राहिले.